त्या तीन ठिपक्यांबद्दल विचारा : महाराष्ट्रातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

प्रिय डॉक्टर,

माझ्या छातीवर तीन ठिपके आहेत. मोहरीएवढे, निळसर काळे. एक गळ्याच्या खळगीच्या जरा खाली, उरलेले दोन दोन्ही कुशींना. गळ्याखालचा ठिपका पाहून लग्नात चुलत जावेने विचारलं होतं, "गोंदून घेतलंय का?" मी हो म्हणाले. तसं ते गोंदणच आहे, फक्त हौसेचं नाही. २००४ साली, मी २२ वर्षांची असताना, मला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला. केमो संपल्यावर मानेला आणि छातीला लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायची होती. रोज नेमक्या त्याच जागी किरण पडावेत म्हणून सुईने टोचून, शाई भरून त्या खुणा केल्या होत्या.

२०१७ ते २०१९ या काळात तुमच्या पेशातल्या सात जणांनी मला तपासलं. त्यांत एमबीबीएस होते, बीएएमएस होते, बीएचएमएस होते, एक एमडी होते. प्रत्येकाचा स्टेथोस्कोप त्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर टेकला. सहा जणांनी काही विचारलं नाही. सातव्या डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात बाँडवर आलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती. तिने स्टेथोस्कोप उचलून धरला आणि विचारलं, "ताई, हा ठिपका कसला?"

हे पत्र मी कॅन्सरच्या तज्ज्ञांना लिहीत नाही. त्यांनी मला वाचवलं. हे पत्र तुम्हाला आहे. एस.टी. स्टँडजवळ, बाजारपेठेत, ग्रामपंचायतीसमोर दवाखाना चालवणाऱ्या आणि दिवसाला सत्तर-ऐंशी पेशंट बघणाऱ्या तुम्हा सगळ्यांना. कारण पाच वर्षं झाली की कॅन्सरचं रुग्णालय म्हणतं, आता वर्षातून एकदा या. आम्ही दोन वर्षांनी जातो, मग जात नाही. गाडीभाडं असतं, रजा नसते, आणि खरं सांगायचं तर त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकायची इच्छा नसते. त्यानंतर आमचं ताप-खोकला-धाप-थकव्याचं सगळं शरीर तुमच्या दारात येतं, आणि त्या शरीरात पूर्वी काय गेलंय हे तुम्हाला माहीत नसतं.

माझी सुरुवात मानेतल्या गाठीने झाली. आमच्या सातारा जिल्ह्यात काय किंवा कुठेही काय, विशीतल्या मुलीच्या मानेत गाठ म्हटलं की आधी टीबी आठवतो. मला दोन महिने टीबीची औषधं दिली गेली. गाठ वाढतच गेली, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम यायला लागला, तेव्हा बायोप्सी झाली. मग मुंबई. वडील आणि मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे राज्यभरातले, राज्याबाहेरचेही कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं. संध्याकाळी जेवणाच्या रांगेत आम्ही तरुण मुलं एकमेकांना शोधून काढायचो. लहान मुलांचा गट वेगळा असायचा, म्हाताऱ्यांचा वेगळा. आम्ही मधले. डॉक्टरी भाषेत १५ ते ३९ या वयाचा हा गट तरुण प्रौढांचा धरतात. हे शिकण्याचं, नोकरी शोधण्याचं, लग्न ठरण्याचं वय. म्हणूनच आजार संपल्यावर तो पुसून टाकायची घाई या वयाला सगळ्यात जास्त असते.

मला केमोची सहा चक्रं मिळाली, म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक असे बारा डोस. औषधांच्या आद्याक्षरांवरून त्या उपचाराला एबीव्हीडी म्हणतात. त्यातला व्ही म्हणजे विन्ब्लास्टिन. ते मूळ सदाफुलीतून मिळालं. आमच्या अंगणात आईने ती तुळशीशेजारी लावलेली होती आणि हे कळल्यावर ती त्या झाडाला रोज हात जोडायची. (कुणी तिची पानं चावून खाऊ नयेत, ती विषारी असतात. हेही लिहायला हवं, कारण गावात असले सल्ले मिळतात.) बी म्हणजे ब्लिओमायसिन. डी म्हणजे डकार्बाझिन. आणि ए म्हणजे ॲड्रियामायसिन, ज्याला डॉक्सोरुबिसिन असंही म्हणतात. वॉर्डात आम्ही त्याला नुसतं 'लाल' म्हणायचो. सरबतासारखं लाल. त्या दिवशी लघवीही लाल व्हायची आणि नवीन पेशंट घाबरून नर्सला हाक मारायचे. लालच्या प्रत्येक डोसमध्ये शरीराच्या दर चौरस मीटरमागे २५ मिलिग्रॅम औषध असतं. बारा डोसांचे झाले ३००. हा ३०० चा आकडा मला पंधरा वर्षं माहीत नव्हता. त्यानंतर लाईटच्या वीस बैठका, एकूण ३६ ग्रे. (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप.)

गाठी विरघळल्या. घरी आल्यावर आजी म्हणाली, जिवावरचं शेपटावर निभावलं. मग माझी फाइल, चांगली तीन इंच जाड, आईने जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवली. माझ्या लग्नाचं बघायचं होतं.

त्या फाइलीत सगळं होतं. कोणतं औषध, किती, कुठे लाईट, किती. रुग्णालयाने काही लपवलं नव्हतं. लपवलं आम्ही. २००९ मध्ये लग्न झालं, नवऱ्याला सगळं सांगितलं होतं, सासू-सासऱ्यांना नाही. सासरचे डॉक्टर तेच माझे डॉक्टर झाले. ते फार प्रेमळ. ते सासऱ्यांबरोबर दर रविवारी पत्ते खेळत. त्यांना मी कशी सांगणार होते?

डॉक्टर, ही एकट्या माझी गोष्ट नाही. धर्मशाळेतल्या ज्या मुलींशी माझा अजून फोन होतो, त्यांतल्या बहुतेकींची फाइल कुठल्या तरी ट्रंकेत किंवा माळ्यावर आहे. एकीच्या वडिलांनी ती जाळली. म्हणून 'पेशंटने सांगितलं नाही' एवढ्यावर हे थांबवू नका. आम्ही सांगत नाही, हे गृहीत धरून विचारा. आणि विचाराल तेव्हा सासूबाई, नवरा, दीर यांना बाहेर बसवून विचारा. पडद्याआड, हळू आवाजात. जिच्या गावात कंपाउंडर तिच्या जावेचा भाऊ असतो, ती बाई उघड्या ओपीडीत 'मला कॅन्सर झाला होता' असं म्हणणार नाही.

२०१० मध्ये मुलगी झाली. आठव्या महिन्यात मला आडवं झोपवत नव्हतं, उशांची उतरंड करून बसून झोपायचे. सगळे म्हणाले, पोट वर आलंय, व्हायचंच. तेव्हा निभावलं. आज कळतं की गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं, ते सगळं हृदयाला ढकलावं लागतं, आणि ज्या हृदयावर लाल औषध आणि किरण दोन्ही पडलेत त्याला हे ओझं झेपेल की नाही हे सुरुवातीलाच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून बघायचं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना माझी विनंती एवढीच आहे : पहिल्या भेटीत आधीची बाळंतपणं, आधीचे गर्भपात विचारता, त्याच दमात आधीची केमो विचारा.

नंतर वजन वाढायला लागलं. केस गळायचे, थंडी सोसायची नाही, वर्गात मुलांचे पाढे घेता घेता डोळे मिटायचे. मी प्राथमिक शिक्षिका आहे. 'चाळिशी जवळ आली की बायकांना असं होतंच' हे मी तीन ठिकाणी ऐकलं. शेवटी २०१७ मध्ये कुणीतरी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून पाहिलं. थायरॉइड जवळजवळ बंद पडलं होतं. मानेला लाईट घेतलेल्यांमध्ये थायरॉइड मंदावणं हा अपवाद नाही, अगदी नेहमीची गोष्ट आहे. ते पाच वर्षांनी होतं, वीस वर्षांनीही होतं. दर वर्षी एक साधी रक्ततपासणी, काही शे रुपयांची, एवढीच त्याची किंमत. मी किती वर्षं ते अंगावर काढलं याचा हिशेब लागत नाही.

थायरॉइडची गोळी सुरू झाली. पण टीएसएच का बिघडलं, हे कुणी विचारलं नाही. म्हणून पुढचं घडलं.

शाळेचा वर्ग वरच्या मजल्यावर. अठरा पायऱ्या. २०१८ च्या पावसाळ्यात मी नवव्या पायरीला थांबायला लागले. रात्री आडवं झालं की खोकला. पायात मोज्यांचे वण संध्याकाळपर्यंत खोल उमटायचे. एका डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हटलं. हिमोग्लोबिन दहा होतं, म्हणून लोह मिळालं. दम्याचा पंप मिळाला. थुंकी दोनदा टीबीसाठी तपासली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका, योगासनं करा. यातला कुठलाच सल्ला मूर्खपणाचा नव्हता. छत्तीस वर्षांच्या, बारीक रक्तक्षय असलेल्या, थायरॉइडच्या बाईला धाप लागली तर मीही हेच सुचवलं असतं. पण छत्तीस वर्षांच्या त्या बाईचं हृदय छत्तीस वर्षांचं नव्हतं.

ठिपक्याबद्दल विचारणाऱ्या त्या सातव्या डॉक्टरनंतर इको झाली, तेव्हा हृदयाच्या पंपाची ताकद ३५ टक्के निघाली. ती साधारण ५५ च्या पुढे असायला हवी.

हे कसं होतं ते मला नंतर समजावून सांगितलं गेलं. मी ते माझ्या शब्दांत लिहिते. चुकलं तर तुम्हाला कळेलच. लाल औषध कॅन्सरच्या पेशीचा डीएनए मोडतं, पण हृदयाच्या स्नायूंच्या पेशींनाही ते इजा करतं. हृदयाच्या पेशी त्वचेसारख्या पुन्हा फारशा तयार होत नाहीत. ज्या गेल्या त्या गेल्या. उरलेल्या पेशी जास्तीचं काम उपसतात, कित्येक वर्षं बिनतक्रार, आणि मग बीपी वाढतं, साखर वाढते, बाळंतपण येतं किंवा एखादा मोठा ताप येतो, आणि हिशेब जुळेनासा होतो. किरणांचं आणखी वेगळं. त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, झडपा जाड होतात, आणि हे दिसायला दहा-पंधरा-वीस वर्षं जातात. म्हणून छातीला लाईट घेतलेल्या पस्तिशीतल्या माणसाच्या छातीत जळजळलं तर अँटासिडच्या आधी ईसीजी काढा. आणि आमचं बीपी थोडंसं जास्त असलं तरी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नका. अशा हृदयावर बीपीचा घाव जास्तच जोरात बसतो.

मोठ्या अभ्यासांतले आकडे मी मुद्दाम शेवटी पाहिले, कारण भीती वाटत होती. नेदरलँड्समध्ये हॉजकिनमधून पाच वर्षांपलीकडे वाचलेल्या ३,९०५ जणांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे उपचार १९६५ ते २००० या काळातले, वय १५ ते ५०. चाळीस वर्षांत त्यांच्यातल्या ४८.५ टक्के लोकांना दुसरा, नवा कॅन्सर झाला होता. पहिल्याचं परत येणं नव्हे, दुसराच : स्तनाचा, फुप्फुसाचा, आतड्याचा. त्याच देशातल्या दुसऱ्या एका अभ्यासात चाळीस वर्षांत हृदयविकाराचं प्रमाण ५० टक्के निघालं. त्या काळी लाईट आजच्यापेक्षा मोठ्या भागाला दिली जायची. आज ती कमी आणि नेमकी देतात, अनेकांना देतच नाहीत. त्यामुळे आज बावीस वर्षांच्या मुलीला माझे आकडे लागू होणार नाहीत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण जे लोक आज तुमच्या दवाखान्यात चाळिशी-पन्नाशीचे होऊन बसलेत, ते त्या जुन्या उपचारांतून आलेले आहेत. त्यांच्या अंगातली लाईट आता कमी करता येत नाही. लक्ष ठेवता येतं, तेवढंच हातात आहे.

स्तनांचं सांगते, कारण हे माझ्याकडून सुटलं होतं. तरुण वयात छातीला लाईट घेतलेल्या बाईने २५ व्या वर्षापासून किंवा लाईटनंतर आठ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून, दर वर्षी मॅमोग्राफी आणि एमआरआय करायचं असतं. माझ्या बाबतीत ते तिसाव्या वर्षी सुरू व्हायला हवं होतं. सुरू झालं सदतिसाव्या. सात वर्षं कोरी गेली. अजूनपर्यंत सगळं ठीक आहे. पण तिशीची बाई 'मॅमोग्राफी करायची का?' असं विचारायला आली तर 'तुमचं वय काय, कशाला घाबरता' असं म्हणून तिला परत पाठवू नका. आधी विचारा, ती का विचारते आहे.

माझ्या ओळखीतल्या बाकीच्यांचं थोडं थोडं लिहिते. जालन्याकडचा एक मुलगा, गुडघ्याच्या हाडाचा कॅन्सर, आत धातूचा सांधा बसवलेला. त्याला लालबरोबर सिस्प्लाटिनही मिळालं होतं. त्याला बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येत नाहीत. फोनची रिंग, कोकीळ, त्याच्या लहान मुलीचं बोलणं. घरचे म्हणायचे, लक्ष नसतं याचं. सिस्प्लाटिन कानाला आणि मूत्रपिंडाला धरतं, हात-पाय बधिर करतं, आणि त्याचे अंश रक्तात वर्षानुवर्षं सापडतात. त्याला गुडघेदुखीवर, पाठदुखीवर वेदनाशामक गोळ्या सहज लिहून दिल्या जात होत्या. मूत्रपिंडाची साधी रक्ततपासणी, क्रिएटिनिन, न बघता. दुसरी एक, ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसांनी तिच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला, आणि ती दोन वर्षं 'सायटिका'चे शेक घेत होती. तिसरीची पाळी एकतिसाव्या वर्षी कायमची थांबली, केमोमुळे. मूल होत नाही म्हणून जे बोललं गेलं ते वेगळंच, पण पाळी लवकर गेली की हाडं ठिसूळ होतात, हृदयाचं संरक्षण जातं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

ब्लिओमायसिनबद्दल भूलतज्ज्ञांना एक शब्द. त्या औषधाने फुप्फुसं कायमची नाजूक होऊ शकतात, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी जास्त तीव्रतेचा ऑक्सिजन दिला तर त्यांना इजा होण्याची भीती असते. गर्भाशयाची पिशवी काढायची असो की अपेंडिक्स, भूल देण्याआधी हे कळायला हवं. दातांच्या डॉक्टरांनाही : मानेला, जबड्याला लाईट घेतलेल्याची लाळ कमी होते, दात भराभर किडतात, आणि अशा जबड्यातला दात उपटल्यावर जखम न भरण्याचा धोका असतो. काढण्याआधी विचारा. आणि ज्यांची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव, काढलेली आहे, पूर्वी हॉजकिनमध्ये ती काढायचे, त्यांचा ताप हा साधा ताप नसतो. त्यांना 'पॅरासिटामॉल घ्या, दोन दिवसांनी या' असं सांगितलं तर दोन दिवस मिळतीलच असं नाही.

तंबाखूचं वेगळं सांगायला नको, तरी सांगते. आमच्याकडे बायका मिश्रीने दात घासतात आणि तिला व्यसन कुणी म्हणत नाही. छातीला लाईट घेतलेल्याने विडी-सिगारेट ओढली तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. हे आम्हाला आमचा कॅन्सरतज्ज्ञ वर्षातून एकदा सांगेल, तुम्ही दर सर्दीला सांगू शकता. तुमचं ऐकतात.

मला कल्पना आहे, तुम्ही म्हणाल, तीन मिनिटांत एवढं सगळं कसं बघायचं? एवढं सगळं बघू नका. तीन प्रश्न विचारा. पूर्वी कधी कॅन्सर झाला होता का? केमो घेतली होती का, त्यात लाल औषध होतं का? लाईट घेतली होती का, कुठे? उत्तर 'हो' आलं तर मागच्या आजारांच्या रकान्यात 'बरा झाला' असं लिहून तो विषय बंद करू नका. ते मधुमेहासारखं, आजचं, चालू वर्तमान समजा. टीएसएच, साखर, चरबी, क्रिएटिनिन, बीपी हे सगळं तालुक्याला होतं. इको जिल्ह्याला होते. माझ्यासारखी, म्हणजे २५० च्या वर लाल किंवा छातीला भरपूर लाईट, अशा व्यक्तीला काही त्रास नसला तरी ठरावीक वर्षांनी इको करायलाच हवी.

आणि आमच्याकडून फाइल मागा. मागितल्याशिवाय ती ट्रंकेतून बाहेर येणार नाही. उशीरही करू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं सांभाळणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात, हेही त्याच नियमांत आहे. अनेक रुग्णालयं पुष्कळ जास्त काळ कागद ठेवतात, माझे वीस वर्षांनी मिळाले. पण हृदय पंधराव्या वर्षी थकतं आणि कागद ठेवायची सक्ती तिसऱ्या वर्षी संपते, या दोन्हींच्या मधली सगळी वर्षं आमच्या ट्रंकेच्या भरवशावर आहेत. त्या तीन इंच जाड फाइलीतून एक पान काढून घ्या : आजार, वर्ष, औषधांची नावं आणि एकूण मात्रा, लाईट कुठे आणि किती, शस्त्रक्रिया कोणती. तुमच्याने वेळेअभावी होत नसेल तर पेशंटला सांगा, पुढच्या खेपेला जाल तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांकडून असं एक पान लिहून आणा.

मुंबईच्या टाटा मेमोरिअलमध्ये १९९१ पासून, लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुलांसाठी उपचारानंतरचं स्वतंत्र क्लिनिक चालतं. तिथे हेच काम होतं, वर्षानुवर्षं, आणि मला त्या मुलांचा हेवा वाटतो. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते, देशातली अशी पहिली. पण नोंदवही कॅन्सर मोजते. वाचलेल्या बाईचं थायरॉइड कधी थांबलं, हे मोजणं तिचं काम नाही. आम्ही मोठ्यांच्या वॉर्डातून बाहेर पडलेले तरुण, आता तरुण न राहिलेले, कुणाच्या वहीत नाही. तुमच्या वहीत असू शकतो.

तुमच्याकडे अजून एक मोलाची वेळ असते, कॅन्सरतज्ज्ञांच्याही आधीची. मानेतली, अंडकोषातली, मांडीतली गाठ घेऊन विशीतला मुलगा पहिल्यांदा तुमच्याकडेच येतो. रिपोर्ट आल्यावर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहिताना त्याला एवढं म्हणा, केमो सुरू होण्याआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल तिथे विचार. मुलगी असेल तर स्त्रीबीजं साठवण्याबद्दल विचार. त्या गडबडीत ना बापाच्या लक्षात येतं, ना पोराला बोलायचा धीर होतो. एकदा केमो सुरू झाली की ती वेळ निघून गेलेली असते.

हे वाचून कुणी पेशंट घाबरला आणि केमो नको म्हणाला, तर त्याला माझं उदाहरण द्या. उपचार घेतले नसते तर मी २००५ पाहिलं नसतं. मला मुलगी आहे, ती आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. लाल औषधावर माझा राग नाही. युवराज सिंग २०११ चा विश्वचषक गाजवून कॅन्सरला सामोरा गेला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा भारताकडून खेळायला उतरला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कुणाला काही न सांगता. वर्तमानपत्रातली गोष्ट तिथे संपते. ज्यांचं नाव कुणाला माहीत नाही अशांची पुढची तीस-चाळीस वर्षं तुमच्या बाकड्यावर जातात.

गोळ्यांनी माझी पंपाची ताकद आता ४७ पर्यंत आली आहे. अठरा पायऱ्या मी एका दमात चढते, हळू. पाकिटात एक कार्ड असतं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. त्यावर एवढंच लिहिलंय : हॉजकिन, २००४. डॉक्सोरुबिसिन एकूण ३००. ब्लिओमायसिन घेतलंय, भूल देताना लक्ष ठेवा. मान आणि छाती, ३६ ग्रे.

ते कार्ड घेऊन मी आमच्या त्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले होते, सासऱ्यांबरोबर पत्ते खेळणाऱ्या. सासरे आता नाहीत, सासूबाईंना मी सगळं सांगून टाकलंय. डॉक्टरांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला, बराच वेळ काही बोलले नाहीत. ॲसिडिटीची गोळी त्यांनीच दिली होती. मग म्हणाले, "मी विचारायला हवं होतं, पोरी." मी म्हणाले, मी सांगायला हवं होतं.

गेल्या महिन्यात त्यांनी स्टँडसमोरच्या शिक्केवाल्याकडून एक रबरी शिक्का करून घेतला. दवाखान्यातच राहणाऱ्या कार्डांवर ते तो मारतात. तीन ओळी : पूर्वी कॅन्सर? केमो-लाल? लाईट-कुठे? पहिल्या पंधरा दिवसांत दोन जण निघाले. एक गृहस्थ, अकरा वर्षं त्यांच्याकडूनच बीपीची गोळी घेणारे. तरुणपणी अंडकोषाचा कॅन्सर, सिस्प्लाटिन. क्रिएटिनिन कधी तपासलंच नव्हतं. दुसरी एक चोवीस वर्षांची मुलगी, सर्दीसाठी आलेली, तीन महिन्यांची गरोदर. सासू बाहेर बसली होती. तिने मान खाली घालून सांगितलं, सतरा वर्षांची असताना, हो, लाल होतं.

तिची इको सोमवारी आहे.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक प्राथमिक शिक्षिका